पुस्तक उघडे ठेवून परीक्षा

समजा, उद्या तुमच्या शाळेच्या सूचनाफलकावर पुढील सूचना लागली : ‘विज्ञानाच्या परीक्षेला येताना प्रत्येकाने पाठ्यपुस्तक आणि प्रयोगवही बरोबर आणावी. उत्तरे लिहिताना दोन्ही उघडून पाहण्यास हरकत नाही.’ वर्गात केवढी आरोळी उठेल! मागच्या बाकांवरची मंडळी तर पर्यवेक्षकांना हार घालायला निघतील. आणि नेहमी पहिला नंबर काढणारा कोणी तरी हिरमुसून विचारील, ‘‘सर, मग आम्ही एवढे पाठ केले ते फुकटच का?’’

ही नुसती थट्टा नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (या जिल्ह्याचे नाव आता नर्मदापुरम झाले आहे) सहावी ते आठवीच्या मुलांची विज्ञानाची परीक्षा कित्येक वर्षे अशीच होत असे. शाळा साध्या सरकारी, पुष्कळशा खेड्यापाड्यांतल्या. पुस्तक समोर उघडे असूनही मुलांना डोके खाजवावे लागे, कारण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या पुस्तकात कोठेच छापलेले नसे.

‘क्षमताधारित शिक्षण’ हा शब्द अलीकडे तुमच्या कानांवर वारंवार पडत असेल. तुमच्या शिक्षकांच्या तर तो रोज पडतो. त्या शब्दाचा अर्थ समजून घ्यायला होशंगाबादची वाट चांगली आहे. पण तिकडे जाण्यापूर्वी आपण एक दगड दोऱ्याला बांधून टांगू या.

दोऱ्याला बांधलेला दगड

लिंबाएवढा दगड घ्या. टांगलेल्या टोकापासून दगडाच्या मध्यापर्यंतची लांबी बरोबर १ मीटर ठेवा. दगड थोडासा बाजूला ओढून सोडून द्या. तो पलीकडे जाऊन परत पहिल्या जागी आला की एक दोलन पुरे झाले. अशी २० दोलने होण्यास जवळजवळ ४० सेकंद लागतात. म्हणजे एका दोलनाला २ सेकंद. हा त्या लंबकाचा दोलनकाल. दोलनकाल व लांबी ठाऊक असली की सूत्रावरून गुरुत्वत्वरण काढता येते आणि ते सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद वर्ग येते. हे सगळे पुस्तकात असते.

मी शाळेत असताना हा प्रयोग केला, तेव्हा माझे उत्तर आले १०.९. पोटात गोळा उठला. उत्तर ९.८ असते हे मला तोंडपाठ होते. शेजारच्याच्या वहीतही ९.८ होते. मग मी काय केले? उत्तरापासून मागे मागे जात आकडेमोड केली आणि ९.८ यायला किती सेकंद लागायला हवेत ते काढून निरीक्षणांच्या तक्त्यात भरून टाकले. एकदम सारखे आकडे नकोत म्हणून एका ठिकाणी अर्धा सेकंद वाढवला, एका ठिकाणी कमी केला. एवढी अक्कल मात्र होती! गुरुजींनी वहीवर बरोबरची खूण केली. परीक्षेतही सूत्र विचारले होते. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

माझे १०.९ का आले होते, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले, तेही दुसऱ्या एका मुलाला तीच चूक करताना पाहून. दगड सोडताना मी ‘एक’ म्हणत होतो. खरे म्हणजे सोडताना ‘शून्य’ म्हणायला हवे, कारण तेव्हा एकही दोलन झालेले नसते. ‘वीस’ म्हणून मी घड्याळ थांबवले तेव्हा दोलने झाली होती १९. त्यांना लागले ३८ सेकंद. ते मी २० ने भागले. पुढचा घोटाळा सूत्राने बिनबोभाट केला.

आता सांगा, मला लंबक येत होता की नव्हता? सूत्र येत होते, व्याख्या येत होती, आकृतीही सुबक काढता येत होती. लंबक मात्र येत नव्हता. आणि माझ्या शाळेच्या परीक्षेला ही गोष्ट कळण्याचा मार्गच नव्हता.

माहीत असणे आणि येणे

मराठीत आपण ‘मला पोहणे माहीत आहे’ असे म्हणत नाही, ‘मला पोहता येते’ असे म्हणतो. क्षमता म्हणजे हे ‘येणे’. नुसता हात चालणे एवढाच तिचा अर्थ नाही. शिकलेली गोष्ट नव्या ठिकाणी, कोणी न सांगता, योग्य वेळी उपयोगात आणता आली तर ती क्षमता. क्षमताधारित शिक्षणात अमुक धडे झाले की नाही हे विचारत नाहीत, मुलाला अमुक गोष्ट येऊ लागली की नाही हे विचारतात. दोन्ही प्रश्न सारखे वाटतात, पण त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे.

एक छोटा प्रयोग घरी करून पाहा. धाकट्या भावाला किंवा बहिणीला पट्टीवर ठेवलेली पेन्सिल दाखवा. मात्र पेन्सिलीचे एक टोक ० वर न ठेवता ३ वर ठेवा आणि दुसरे टोक ११ वर येऊ द्या. लांबी विचारा. ‘११’ असे उत्तर आले तर रागावू नका. त्या मुलाला पट्टी वाचता येते, लांबी मोजता येत नाही, एवढेच. शून्यापासून मोजण्याची शंभर उदाहरणे बरोबर सोडवूनही हे झाकलेले राहू शकते. तुटलेली पट्टी हातात दिली की एका मिनिटात उघडे पडते.

लंबकाचेही तसेच. ‘दोलनकालाची व्याख्या लिहा’ या प्रश्नाचे उत्तर पुस्तक उघडले की मिळाले. पण असा प्रश्न घातला तर? ‘चार गटांनी एकाच लंबकाची २० दोलने मोजली. त्यांना ४०, ४१, ३८ आणि ४० सेकंद लागले. तिसऱ्या गटाची मोजण्यात चूक झाली की त्यांचा दोराच आखूड बांधला गेला होता? हे ठरवण्यासाठी त्यांना काय करायला सांगाल?’

थोडा विचार करा. त्या गटाला १० दोलने आणि मग ४० दोलने मोजायला सांगता येईल. दोरा आखूड असेल तर एकेक दोलनच कमी वेळाचे असेल. तेव्हा १० दोलनांना १९ सेकंद आणि ४० दोलनांना ७६ सेकंद लागतील. तूट दोलनांच्या प्रमाणात वाढत जाईल. पण सुरुवातीला ‘एक’ म्हणण्याची चूक असेल तर तूट दर वेळी एकाच दोलनाची, म्हणजे २ सेकंदांचीच राहील : १० ला १८ आणि ४० ला ७८. पुस्तक खुशाल उघडा, हे त्यात सापडायचे नाही. मात्र ज्याने स्वतः लंबक हलवून मोजला आहे त्याला ते सुचण्याची शक्यता बरीच आहे.

होशंगाबादची गोष्ट

आता होशंगाबादला जाऊ. या गोष्टीचा एक धागा मुंबईतून निघतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे जीवशास्त्रज्ञ अनिल सद्गोपाल यांनी ते काम सोडले आणि होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ ही संस्था उभारली. ही संस्था आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोघांनी मिळून १९७२ साली राज्य सरकारच्या परवानगीने १६ शाळांत विज्ञान शिकवण्याची निराळी पद्धत सुरू केली. टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सुट्टीत येऊन शिक्षकांबरोबर बसत. १९७८ मध्ये ही पद्धत सगळ्या जिल्ह्यात लागू झाली. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढचा भार तिने उचलला.

पुस्तकाचे नाव होते ‘बाल वैज्ञानिक’. ते उघडून पाहिले तर आपल्याला चुकल्याचुकल्यासारखे होईल. व्याख्या नाहीत, धड्याखाली सारांश नाही. हे करा, हे मोजा, काय दिसले ते लिहा, असे का झाले असेल ते आपसांत बोला, असा सगळा मजकूर. चार-चार मुलांची टोळी करायची आणि टोळीने प्रयोग करायचा. साहित्याची पेटी शाळेला मिळे, पण पुष्कळ वस्तू गावातल्याच असत. फुलाचे भाग सुटे करायला सुई नसली तरी बाभळीला काटे भरपूर! एकच वस्तू सगळ्या वर्गाने मोजली तर सगळ्यांची उत्तरे सारखी येत नाहीत, ती का येत नाहीत, आणि मग कोणते उत्तर धरायचे, हा तर त्या अभ्यासक्रमातला एक स्वतंत्र विषयच होता. माझ्या शाळेत तो असता तर १०.९ ला मी घाबरलो नसतो.

मुलांना पडलेले प्रश्न पत्राने पाठवायला एक पत्ता होता : सवालीराम. असा कोणी माणूस अस्तित्वात नव्हता, पण त्याच्या नावाने आलेल्या पत्रांना उत्तरे मात्र जात.

पुण्याच्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. पुण्याच्या टेल्को कारखान्यात काम करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन या उपक्रमात गेले. तिथे असताना त्यांनी सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणि आगपेटीतल्या काड्या जोडून आकृत्या तयार केल्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलंडतो. हे बोटांना एकदा कळले की छपराच्या कैचीत आणि पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात ते वेगळे शिकवावे लागत नाही. पुढे आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांसाठी काम केले. तुमच्यापैकी काहींनी त्यांची खेळणी हाताळलीही असतील.

वही खरी का झाली

शिकवण्याची पद्धत बदलली, पण आठवीच्या परीक्षेत जुनेच प्रश्न आले असते तर? दोन महिन्यांत सगळे मुसळ केरात गेले असते. मुले तेच शिकतात जे परीक्षेत विचारले जाते, आणि याबद्दल मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. मोठी माणसेही असेच करतात. होशंगाबादच्या मंडळींनी हे ओळखले आणि विज्ञानाची परीक्षाच बदलून घेतली. तिचे दोन भाग होते. एक लेखी. त्यात पुस्तक आणि स्वतःची वही जवळ ठेवण्याची मुभा. दुसरा प्रात्यक्षिक. त्यात साहित्य समोर ठेवून प्रयोग करून दाखवायचा.

पुस्तकात उत्तरेच नसल्यामुळे मुलाची वही हा पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग होता. निरीक्षणे, तक्ते, आलेख, वर्गातल्या चर्चेतून निघालेले निष्कर्ष, सारे वहीत. आणि परीक्षेत आधार मिळायचा तो याच वहीचा. आता माझ्यासारखा एखादा हुशार मुलगा तिथे असता आणि त्याने वहीत बनावट आकडे भरले असते, तर परीक्षेच्या दिवशी ते आकडे त्यालाच दगा देते. आमच्या शाळेत प्रयोगवही गुरुजींना दाखवण्यासाठी होती, म्हणून ती खोटी लिहिण्यात माझे काही बिघडत नव्हते. तिथे ती मुलाच्या स्वतःच्या कामाची होती. सक्तीने किंवा उपदेशाने जे झाले नसते ते परीक्षेच्या एका साध्या नियमाने घडण्यासारखे होते. या सगळ्या उपक्रमात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

शिक्षकांचे काम मात्र वाढले. असा प्रश्न तयार करणे कठीण, आणि त्याची उत्तरे तपासणे त्याहून कठीण. एकाच प्रश्नाला मुले पाच तऱ्हांची समंजस उत्तरे देतात. म्हणून आधी काही उत्तरपत्रिका वाचून पाहायच्या, मुलांनी कसकसा विचार केला आहे ते बघायचे आणि मग गुण कसे द्यायचे ते ठरवायचे, अशी रीत ठेवली होती. शिक्षकांसाठी उन्हाळ्यात तीन-तीन आठवड्यांची शिबिरे होत. महिन्यातून एकदा बैठक होई आणि तिथे कोणता प्रयोग फसला, का फसला, यावर बोलणे चाले. प्रयोग फसतो हे शिक्षकांनी चारचौघांत कबूल करणे, हीसुद्धा एक क्षमताच की!

क्षमतांना क्रमांक

क्षमतेचा विचार इतरत्रही चालूच होता. शिकागो विद्यापीठातील बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये एक मुद्दा मांडला. शाळेत धड्याला वेळ ठरलेला असतो आणि त्या वेळात कोणाला किती येते ते कमीजास्त होते. ब्लूम म्हणाले, हे उलटे करून पाहा. येणे ठरलेले ठेवा, वेळ कमीजास्त होऊ द्या. ज्याला अपूर्णांक दोन आठवड्यांत येतात त्याला दोन, ज्याला चार लागतात त्याला चार. ऐकायला गोड आहे. साठ मुलांच्या वर्गात ते कसे करायचे, हे मात्र साठ मुलांच्या वर्गात उभे राहणाऱ्यालाच विचारावे.

आपल्या देशात आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९१ मध्ये प्राथमिक शाळांसाठी किमान अध्ययन पातळ्या ठरवून दिल्या. भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांत प्रत्येक इयत्तेच्या शेवटी मुलाला काय काय यायला हवे, त्याची ती यादी. प्रत्येक क्षमतेला क्रमांक होता. महाराष्ट्राचा १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रमही क्षमताधिष्ठित होता. तुमच्या शाळेतील अनुभवी शिक्षकांना विचारा, त्यांना ते क्रमांक अजून आठवत असतील. यादीचा फायदा होता. ‘तिसरीच्या मुलाला वाचता आले पाहिजे’ या मोघम वाक्याऐवजी काय वाचता आले पाहिजे ते नेमके कळले. पण यादी म्हटली की खुणा करणे आले, आणि खुणा करणे आले की खुणांसाठी शिकवणे आले. पोहण्याचे ‘हात मारणे’, ‘पाय मारणे’, ‘श्वास घेणे’ असे तुकडे करून प्रत्येकापुढे खूण केली, तरी मुलगा पाण्यात तरंगेलच असे नाही.

शेवट कसा झाला

होशंगाबादचा उपक्रम पुढे मध्य प्रदेशातील आणखी जिल्ह्यांत पसरला. शाळांची संख्या हजाराच्या घरात गेली. आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. त्यावर त्या वेळी पुष्कळ वाद झाला. एक अडचण पहिल्यापासूनची होती. आठवीपर्यंत मुलगा प्रयोग करून शिकणार, आणि नववीत गेला की पुन्हा तीच व्याख्यांची पुस्तके आणि दहावीची तीच परीक्षा. खालच्या तीन इयत्तांना वरच्या दोन इयत्ता मागे ओढत होत्या. आपला मुलगा इतर जिल्ह्यांतल्या मुलांच्या मागे पडेल, ही भीती आईबापांच्या मनात असणार. त्यांना हसणे सोपे आहे. पण गुणांवर ज्यांच्या मुलांचे सारे काही अवलंबून आहे, त्यांच्या जागी बसून पाहिले तर हसू येत नाही.

आता चक्र पुन्हा फिरले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बोर्डाच्या परीक्षांत पाठांतराऐवजी मूळ क्षमता तपासाव्यात असे सांगितले. सी.बी.एस.ई.ने २०२४-२५ या वर्षी नववी ते बारावीच्या प्रश्नपत्रिकांत निम्मे प्रश्न क्षमतेवर आधारलेले ठेवले. याच मंडळाने २०१४ मध्ये नववी आणि अकरावीसाठी उघड्या मजकुरावरची परीक्षा आणली होती आणि काही वर्षांतच ती मागे घेतली होती. २०२५ मध्ये मंडळाने पुन्हा, २०२६-२७ पासून नववीसाठी उघड्या पुस्तकाच्या परीक्षेला मान्यता दिली. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीच्या मुलांकडून लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष प्रयोग करून घेते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहेच.

बाजारात ‘क्षमताधारित प्रश्नांची संपूर्ण उत्तरांसह’ मार्गदर्शके आली आहेत, हे सांगायला नकोच. चार गटांच्या लंबकाचा वरचा प्रश्न एखाद्याने त्यात छापला आणि ‘१८ व ७८’ हे उत्तर मुलांनी पाठ केले, की तोही व्याख्येसारखाच निरुपयोगी झाला. म्हणून असे प्रश्न दर वर्षी नवे लागतात आणि ते घालणारे शिक्षकही तितकेच ताजे लागतात. होशंगाबादला हे काम तीस वर्षे चालले, ते महिन्याच्या त्या बैठकांच्या जोरावर. छापील यादी तिथे फारशी उपयोगी पडली नसती.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. तुमच्याजवळ दोरा आहे, एक दगड आहे आणि सेकंद दाखवणारे घड्याळ आहे. मीटरपट्टी नाही, टेप नाही, आणि खिशातली सहा इंची पट्टीसुद्धा वापरायची नाही. तुमच्या वर्गाच्या खोलीची लांबी किती मीटर आहे ते काढा, आणि तुमचे उत्तर किती सेंटिमीटरने चुकू शकते तेही सांगा. चार जणांची टोळी करून केलेत तर उत्तम. हा अंक उघडा ठेवून बसायला हरकत नाही.